ओट्याखालची दारं

आमच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी दुरुस्ती मी केली तेव्हा सासूबाई इस्पितळात होत्या. त्याआधीच्या दुरुस्त्या मी त्यांच्या देखत केल्या होत्या, आणि त्यातल्याच एकीने त्यांना इस्पितळात पाठवलं होतं. हे असं सरळ लिहायला मला तीन वर्षं लागली.

आमचं गाव श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधलं. घरामागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीमागे समुद्र. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले तीन महिने घरी. आम्हाला मूल नाही. त्यामुळे उरलेले नऊ महिने घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. नणंद पेणला दिलेली.

हातात पाना-पक्कड मी घेतली ती वादळाच्या वर्षी. वादळाने अर्धी वाडी झोपवली, घराचे पत्रे उडवले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर माड पडला. कित्येक आठवडे वीज नव्हती. गावात नळकाम करणारा माणूस एकच आणि त्याला बोलावणारी घरं शंभर. आमचा सिंकचा नळ मुळातून हलला होता, पाणी भिंतीत मुरत होतं. नवरा कुठल्या तरी समुद्रात होता, फोन लागत नव्हता. चार दिवस वाट पाहिली आणि पाचव्या दिवशी त्याची अवजारांची पेटी मीच उघडली. जुना नळ काढला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, नवा बसवला. पाणी थांबलं. आई शेजारी बॅटरी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण हाय गो."

त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. खिडकीची चौकट बसवली. सिंकखालचा तुंबलेला पाईप बदलला. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही, बिजागऱ्या वर्षभरात भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटतात. त्या सगळ्या काढून स्टीलच्या घातल्या. आईंचा हात पोचेल अशा उंचीवर मसाल्याच्या डब्यांची फळी ठोकली. ड्रिल मशीन नवऱ्याकडून मागवून घेतलं. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि आई त्यांना एकेक गोष्ट दाखवायच्या, लेकीच्या परीक्षेचे मार्क सांगावेत तशा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

वादळाच्या पुढच्या वर्षी साथीचा ताप आम्हा दोघींना आला. मी दहा दिवसांत उठले. आईसुद्धा उठल्या, पण त्यांचं नाक गेलं, कसलाच वास येईना. आधी वाटलं, येईल परत. महिने गेले, आलं नाही. कोळीण दारात आली की त्या माशाचे कल्ले उघडून बघायच्या, मग मासा माझ्या नाकापुढे धरायच्या. "बघ गो, वास मारतो काय?" दूध नासलं का, भात लागला का, सगळं मला विचारायच्या. पहिल्यांदा त्याचं वाईट वाटायचं, मग ते रोजचंच झालं. मला हे माहीत होतं. पुढचं सांगताना हे ध्यानात ठेवायला हवं, की मला हे रोज माहीत होतं.

ओट्याखाली आमच्याकडे जुनी साडी फाडून केलेला पडदा होता. ओटा कडाप्प्याचा, खाली विटांचे कप्पे, एका कप्प्यात सिलिंडर, बाकीच्यांत डबे आणि पातेली. उंदीर आणि झुरळं पडद्याला कशाला जुमानतात? मी माणगावच्या दुकानातून प्लॅस्टिकची दारं कापून आणली. मापं इतकी नीट घेतली होती की कुठे बोटभर फट राहिली नाही. शिवाय कडेने रबराची पट्टी लावली. दार लावलं की आत मुंगी जाऊ नये, असं ते काम होतं.

अडचण गॅसच्या नळीची झाली. नळी ओट्याच्या पुढच्या कडेवरून खाली सिलिंडरकडे जायची, आणि ती तशी राहिली तर दार लागेना. तेव्हा मी कडाप्प्यालाच भोक पाडलं. दगड कडक, भोक खालच्या बाजूने तुटकं झालं, कडेला धार राहिली. ती घासून काढायला हवी होती. मी घासली, पण दमले होते म्हणून थोडीच. नवी नळी त्यातून ओढताना अडकली. मी जोर केला. निघाली, पण एका जागी खरचटली. वर फक्त नखाने ओढल्यासारखा ओरखडा दिसत होता. मी त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, तीन वेढे. साबणाचं पाणी लावून बघितलं. बुडबुडा आला नाही. खूश होऊन मी दार लावलं.

त्याआधी आईंची एक सवय होती. रोज रात्री झाकपाक झाली की त्या पडदा बाजूला सारून सिलिंडरचं बटण बंद करायच्या. दारं झाल्यावर त्यांना गुडघ्यांवर बसून दार उघडावं लागायचं, आत हात घालून चाचपावं लागायचं. त्यांना ते जमेना. मीच म्हटलं, "राहू दे आई, शेगडीची बटणं बंद केली की झालं."

"चालंल ना गो तसं?"

"चालतं. सगळे तसंच करतात."

पाच-सहा महिने चाललं.

दसरा होऊन गेला होता. सकाळी सातच्या सुमारास मी पंप बघायला विहिरीकडे गेले. माझ्या खोलीचं एक दार मागच्या पडवीत उघडतं, मी तिथून बाहेर पडले. स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही. टाकलं असतं तर मला वास आला असता. आई उठून भाकऱ्यांची उकड काढायला पाणी ठेवत होत्या.

मोठा स्फोट वगैरे ऐकू आला नाही. कुणी भरलेलं पोतं माळ्यावरून खाली टाकावं तसा धप्प आवाज झाला, आणि पाठोपाठ काचा. मी धावले. ओट्याखालचं एक दार उखडून समोरच्या भिंतीशी पडलं होतं. आई जमिनीवर बसल्या होत्या, पाय पसरून, दोन्ही हात पुढे धरून, जणू कुणी त्यांच्या हातात काही देणार आहे. साडीचा पदर जळत होता. त्या ओरडत नव्हत्या. मी पदर ओढून विझवला, त्यांना धरून मोरीत नेलं आणि बादल्याच्या बादल्या पाणी हातांवर, तोंडावर ओतलं. तेवढ्यात शेजारचे भावजी धावत आले. त्यांनी भिंतीवरून पेटलेला कॅलेंडरचा कागद काठीने खाली पाडला, सिलिंडर बंद करून, नळी सोडवून ओढत अंगणात नेला आणि गाडी काढली.

म्हसळ्यावरून माणगावचा रस्ता मी हजार वेळा गेले असेन. त्या दिवशी त्यातलं एकेक वळण मोजलं. आईंच्या हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटायला लागली होती. भुवया नव्हत्या. घाटात त्या पहिल्यांदा बोलल्या.

"बटन माझ्याकडनंच उघडं ऱ्हायलं असंल. राती दूध तापवलं मी."

"बोलू नका आई."

"मीच गो. नाक न्हाय, ध्यान न्हाय."

 त्या वेळी मलाही तसंच वाटलं, हे खरं आहे.

माणगावहून त्यांना मुंबईला हलवलं. नणंद पेणहून थेट तिथेच आली. नवऱ्याला जहाज सोडता येत नव्हतं, तो फोनवरूनच विचारपूस करायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक हवालदार जबाब घ्यायला आला. भाजलेली बाई आली की जबाब होतोच, आणि त्यात सुनेविषयी विचारतातच. मला बाहेर थांबायला सांगितलं. दार पुरतं लागत नव्हतं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"घरात काही भांडण? सून त्रास देते का?"

आईंचा ओठ सुजलेला होता, शब्द जड येत होते. तरी त्यांनी स्पष्ट सांगितलं. "सुनेचा काय संबंध न्हाय. तिनंच वाचवली मला. माझ्या हातनं बटन उघडं ऱ्हायलं. लिवा तसं."

त्याने लिहिलं. त्यांचा अंगठा उमटवता येणार नव्हता, म्हणून पायाचा घेतला.

पाचव्या दिवशी मी कपडे आणायला घरी गेले. शेजारच्या वहिनींनी काचा झाडून ठेवल्या होत्या, बाकी सगळं तसंच होतं. छत काळं, भिंती काळ्या, ओट्यामागच्या सहा-सात टाइल्स तडकलेल्या. मी शेगडीजवळ गेले. दोन्ही बटणं बंद होती. आईंनी तर शेगडी पेटवायला एक बटण उघडलं असणार. ते भावजींनी फिरवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग खाली बसले आणि भोकातून नळी ओढली. चिकटपट्टी तेलाने आणि उष्णतेने सुटून सैल झाली होती. ती सरकवली. खाली चीर होती, तांदळाच्या दाण्याएवढी. दगडाची धार रोज थोडीथोडी घासत राहिली होती.

मी तिथे किती वेळ बसले ते आठवत नाही. एवढं आठवतं की उठल्यावर पहिला विचार आईंचा आला नाही. हवालदाराने लिहिलेल्या कागदाचा आला. मी नळी गुंडाळून अवजारांच्या पेटीत तळाशी ठेवली आणि कपड्यांची पिशवी घेऊन मुंबईची एसटी पकडली.

आई तिथे दोन महिने होत्या. नणंद आणि मी आळीपाळीने राहायचो. माझी पाळी नसली की मी घरी येऊन स्वयंपाकघर दुरुस्त करायचे. गावातला गवंडी स्वतःहून आला होता, मी त्याला परत पाठवला. दुसऱ्या कुणाचा हात त्या भिंतीला लागू नये असं वाटत होतं. का, ते तेव्हा कळत नव्हतं. कदाचित शिक्षा म्हणून, कदाचित कुणी काही ओळखेल या भीतीने.

काजळी सहजासहजी जात नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने मी भिंती घासल्या, काळं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. वाळल्यावर रंग दिला. आठवड्याने रंगातून पिवळट डाग वर आला. पुन्हा घासलं, अस्तर लावलं, पुन्हा रंग दिला. छतावर शेगडीच्या बरोबर वर एक डाग तिसऱ्या हातानंतरही राहिला. तडकलेल्या टाइल्स पटाशीने काढल्या. नव्या बसवल्या, सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं. उरलेली दारं उतरवली आणि फोडून टाकली. सिलिंडरसाठी बाहेरच्या भिंतीशी जाळीचा पिंजरा केला. नळीचं काम मात्र मी केलं नाही. गॅसवाल्यांचा माणूस बोलावला आणि तो काम करत असताना अंगणात जाऊन उभी राहिले.

आई घरी आल्या. चेहऱ्यावर डाग राहिले, पण डोळे वाचले होते. डावा हात बराच सुधारला. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना धरून वाकली होती. डॉक्टरांनी मऊ चेंडू दाबायला दिला होता, तो त्या दिवसभर दाबायच्या. हातांविषयी एकदाही कुरकुर केली नाही. दुसरंच काहीतरी चाललं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आत पाहिलं, "छान केलंस," म्हणाल्या आणि ओटीवर जाऊन बसल्या. आत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, महिन्याने नाहीत.

मी जेवायला वाढायचे तेव्हा विचारायच्या, "बटन बंद केलंस ना?" मी हो म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा. मग एकदा विचारलं, "मी तर न्हाय ना उघडं ठेवलं?" त्या दिवसभर आत गेल्याच नव्हत्या. देवापुढचं निरांजन लावायचं त्यांनी सोडलं. शेजारच्या वहिनी आपली तान्ही नात थोडा वेळ त्यांच्यापाशी ठेवायला आल्या तर म्हणाल्या, "नको गो, माझ्याजवळ नको. माझं डोकं ठिकाणावर न्हाय." वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदराने हात पुसत राहिले.

असं मी चार महिने होऊ दिलं. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. मग वाटायचं, आधी हात बरा होऊ दे. नवरा सुट्टीवर येऊ दे. त्यांची प्रकृती नाजूक आहे, धक्का बसेल. कारणं भरपूर होती आणि सगळी त्यांच्या भल्याची होती.

मग एका दुपारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन आईंसमोर धरला. त्यांनी त्याची चौकशी केली, जेवलास काय विचारलं, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आता मला कुठं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पैशे भरून ठेवतात तशा जागा असतात म्हणं. हिचा जीव घेन मी एखाद्या दिवशी."

नवरा हसण्यावारी न्यायला बघत होता. मी फोन बंद केला, आत गेले आणि पेटीतून नळी आणली.

"आई, तुमच्याकडून बटण उघडं राहिलं नव्हतं."

 मी नळी त्यांच्या मांडीवर ठेवली, चिकटपट्टी सरकवली आणि चीर दाखवली. भोकाचं सांगितलं, धारेचं सांगितलं, जोर करून ओढल्याचं सांगितलं. दारं इतकी घट्ट केली की गॅस आतच साठला, हेही सांगितलं. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने ती चीर चाचपली. बराच वेळ.

"तुला कवा कळलं?"

"पाचव्या दिवशी."

"हवालदार येऊन गेल्यावर?"

"व्हय." मी घरात कधी तशी बोलत नाही, पण त्या वेळी तोंडातून तसंच आलं.

"आनि तवापास्नं गप?"

मी मान हलवली. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले. त्यांनी शेगडीच्या बटणाला उजवा हात लावला. वाकलेली बोटं त्यावर बसेनात. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

"हातांचं मी सोसलं असतं गो," माझ्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या. "चूक व्हते मान्साकडनं. पन मी येडी झाले, येडी झाले म्हनत व्हते, आनि तू बघत व्हतीस. रोज बघत व्हतीस."

"आई, चुकलं माझं."

"फोन लाव पेणला."

दुसऱ्या दिवशी नणंद आपल्या यजमानांबरोबर गाडी घेऊन आली. आईंनी दोन पिशव्या भरल्या होत्या. माझ्याशी भांडल्या नाहीत, गावात कुणाला काही सांगितलं नाही. शेजारच्या वहिनींना म्हणाल्या, "लेकीकडं जाते जरा." निघताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. बोटं वाकली होती म्हणून की काय, ते मी विचारू शकले नाही.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला तरी सांगायचंस." पुढच्या सुट्टीत तो आधी पेणला उतरला, तिथे आठ दिवस राहिला आणि मग घरी आला. आमच्यात भांडण झालं नाही. तो येतो, वाडीचं बघतो, परत जातो. जेवताना मी वाढते, तो जेवतो. पूर्वी तो मला काय काय नवीन बसवलंस ते दाखव म्हणायचा. आता म्हणत नाही.

गावातल्या बायका अजून बोलावतात. कुणाचा नळ गळतो, कुणाची कडी बसत नाही. मी जाते आणि करून देते. गॅसचं काही असलं तर सरळ नाही म्हणते. कारण विचारलं तर "ते काम माझं नाही" एवढंच सांगते.

महिन्यातून एकदा मी पेणला जाते. सुरुवातीला आई आतल्या खोलीतून बाहेर यायच्या नाहीत. आता येतात. मागच्या खेपेला गेले तेव्हा त्या नणंदेच्या स्वयंपाकघरात होत्या. डाव्या हाताने भाकरी थापत होत्या, उजव्या मनगटाने परात धरून ठेवली होती. भाकरी एका बाजूला जाड होत होती, पण होत होती. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मी दारात उभी होते. मला बघून म्हणाल्या, "बस. जेवून जा."

जेवण झालं. आम्ही पावसाचं बोललो, वाडीतल्या नव्या लावलेल्या माडांचं बोललो. मी विचारलं, यंदा गौरी-गणपतीला याल ना. त्या म्हणाल्या, "बघू." मग ताट उचलून आत गेल्या.

नणंद मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आली. गाडी लागायला वेळ होता. ती म्हणाली, "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. आई परत यायची नाही. मी विचारलं होतं. तुमच्यावर राग नाही म्हणाली, पण त्या घरात पुन्हा राहायचं नाही म्हणते."

मी बरं म्हटलं. गाडी आली, मी चढले. माणगावला गाडी बदलून घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. दार उघडलं, कपडे वाळत होते ते काढले, आणि एकटीपुरता भात लावला.